हाताचं उत्तर

अॅनालॉग सिंथेसायझर सुरू केल्याबरोबर वाजवायला घेऊ नये. खटका दाबायचा, दिवा लागला की उठायचं, चहा टाकायचा, पंखा ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा समोर बसायचं. तोवर आतलं सर्किट तापत असतं आणि सूर सरकत असतो. घाईने लावलेला सूर थोड्याच वेळात भलतीकडे गेलेला सापडतो. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. ज्यांच्याकडे नाहीत ते हसतात. विजेवर चालणाऱ्या वस्तूने असे नखरे करू नयेत अशी त्यांची समजूत असते.

मला इथे एकच गोष्ट उलगडून पाहायची आहे. यंत्राच्या अशा वागण्याला बिघाड कधी म्हणायचं आणि स्वभाव कधी?

माझं यंत्र एका वेळी एकच स्वर काढणारं, दोन ऑसिलेटरचं, म्हणजे स्वर निर्माण करणारी दोन सर्किटं असलेलं, जुनं, अनेक हातांतून आलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. ते असतं रे रोडला. स्टेशनच्या पूर्वेला दारूखान्याच्या अंगाला एक जुनी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात. डोक्यावर पत्रा, खाली भंगाराचा बाजार. जहाजांच्या प्लेटी, साखळ्या, गॅसकटरचा फुत्कार आणि दिवसभर लोखंडावर लोखंड. संगीतासाठी याहून गैरसोयीची जागा मुंबईत शोधावी लागेल, पण भाडं परवडतं आणि रात्री कुणी भिंतीवर थाप मारत नाही. हवा मात्र बंदराची आहे, खारट आणि दमट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, धातूवर हिरवट पूड चढते. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नाही.

या परिसराला विजेचं नवल नाही. १९१० मध्ये कुर्ल्याहून आलेली हार्बरची लाइन इथेच संपत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच स्टेशनातून. तेव्हा तारांत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१६ मध्ये तो जाऊन २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. गाडीला असे हजारो व्होल्ट लागतात. माझ्या यंत्राला एका सप्तकासाठी एक व्होल्ट पुरतो, आणि त्याच्या सगळ्या नखऱ्यांचं मूळ या एका व्होल्टात आहे.

ते असं. पट्टी दाबली की यंत्र एक ठरावीक व्होल्टेज तयार करतं. वरच्या सप्तकातली तीच पट्टी दाबली तर एक व्होल्ट जास्त. शेजारच्या पट्टीवर गेलं तर व्होल्टचा बारावा हिस्सा, म्हणजे साधारण ८३ मिलिव्होल्ट. व्होल्टेज असं बेरजेने वाढतं, पण सूर गुणाकाराने वाढतो. सप्तकागणिक कंपनं दुप्पट व्हायला हवीत. बेरजेचा गुणाकार करणारं काहीतरी मध्ये लागतं. हे काम ट्रान्झिस्टर करतो, आणि ते त्याला शिकवावं लागत नाही. त्याला दिलेलं व्होल्टेज थोडं वाढवलं की त्यातून वाहणारा प्रवाह पटीने वाढतो, हा त्याच्या पदार्थाचाच धर्म आहे. न्यूयॉर्कचे रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपलं यंत्र उभं केलं ते या धर्माच्या आधारावर, आणि १९७० च्या मिनीमूगपासून पुढे अॅनालॉग यंत्रांच्या अनेक पिढ्या त्यावरच जगल्या.

पण हा पटीचा हिशेब तापमानावर अवलंबून असतो. आपल्या खोलीच्या तापमानाला अंशागणिक तो सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलतो. संगीताच्या मापात सांगायचं तर एका सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर काहीच उपाय न केलेल्या यंत्रात दर अंशाला सप्तक चार सेंटनी आक्रसतं. गाळा दुपारी आठ अंशांनी तापला तर एका सप्तकात बत्तीस सेंट. तीन सप्तकं वर जा, आणि जवळजवळ पूर्ण एका पट्टीचा फरक पडलेला. आपल्याकडे ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ती साडेएकवीस सेंटची. म्हणजे पारा पाच-साडेपाच अंश चढला की एका सप्तकामागे एक प्रमाणश्रुती उतरली! तिच्या जागेवरून आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. इथे खिडकी उघडली की ती हलते.

अर्थात कारखानदार गप्प बसले नव्हते. ट्रान्झिस्टरला चिकटून एक खास रेझिस्टर बसवतात. तोही तापला की त्याच प्रमाणात बदलतो आणि चूक बऱ्यापैकी मारून नेतो. काही चिपमध्ये तर ट्रान्झिस्टरची जोडी कायम एकाच तापमानात राहावी म्हणून आतच हीटर ठेवलेला असे. पण रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर एकाच क्षणी तापत नाहीत. पंख्याची झुळूक एकाला आधी लागते, दुसऱ्याला मागाहून. सुरुवातीची ती अर्ध्या तासाची वाट म्हणजे या दोघांचं जमायला लागणारा वेळ.

आता मूळ प्रश्न. हा बिघाड आहे का?

अभियंत्याला विचाराल तर आहे. त्याने निम्मा जन्म तो काढून टाकण्यात घालवला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्ह स्मिथ यांचं प्रॉफेट-५ आलं. त्यात चाळीस आवाज लक्षात राहत आणि एक बटण दाबलं की यंत्र स्वतःच स्वतःला सुरात आणत असे. १९८१ च्या रोलँड ज्युपिटर-८ मध्ये आठ स्वरांसाठी सोळा ऑसिलेटर. ते हाताने कोण लावत बसणार? तिथेही बटणच.

तंबोरा लावणाऱ्याला विचाराल तर तो प्रश्नच समजणार नाही. सूर उतरतो, मग आपण तो लावतो, यात बिघडलं काय? मिरजेच्या उत्तम तंबोऱ्याची तारही हवेबरोबर हलते. बैठकीच्या सुरुवातीला जुळलेली जोड मध्यंतरानंतर पुन्हा पाहावी लागते. घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून जवारी खुलवावी लागते. गायक गाता गाता मागे हात नेऊन खुंटी पिळतो आणि श्रोत्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. तबलजी हातोडी घेऊन गट्ट्यांवर ठोकतो तेव्हा कुणी कारागिराला बोलावत नाही.

गंमत अशी की आपण मराठी माणसांनी विसाव्या शतकात एका वाद्याशी नेमकं उलट कारणासाठी भांडण मांडलं होतं. पेटीशी. पेटीचा दोष काय, तर तिचा सूर हलत नाही. पितळेची पत्ती एकदा कानशीने घासून जिथे बसवली तिथे बसली. तिला श्रुती नाहीत, तिला मींड नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी यांनी याच तक्रारीपायी बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचा घाट घातला. रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. हलत नाही म्हणून एकाला बाहेर ठेवायचं, हलतो म्हणून दुसऱ्याला नावं ठेवायची! मला वाटतं या दोन्ही तक्रारींच्या पोटात एकच अपेक्षा आहे. सूर हलावा, पण मी हलवीन तेव्हा.

इथे मला जो भेद दिसतो तो हाताचा आहे. वाद्य आपल्या मर्जीने काही करतं. त्याला हात वाजवता वाजवता उत्तर देऊ शकतो का? देऊ शकत असेल तर तो स्वभाव. नसेल तर बिघाड, मग त्याचं कितीही कौतुक करा.

सूर उतरणं हे पहिल्या प्रकारचं. समोर नॉब असतो, कान उघडे असतात. माझ्या यंत्रातले दोन ऑसिलेटर तंतोतंत एकाच सुरात लावले तर आवाज सपाट येतो. एक किंचित वर ठेवला की दोघांत विस्पंद सुरू होतात. एक ४४० वर, दुसरा ४४१ वर, तर सेकंदाला एक हेलकावा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत जे आपल्याला भरीव वाटतं त्यातला काही वाटा याच हेलकाव्यांचा. आता खोली तापायला लागली की दोन ऑसिलेटर सारखेच सरकत नाहीत आणि हेलकावा जलद होतो. मी तो ऐकतो, डाव्या हाताने नॉब अगदी जरासा मागे घेतो. कधी घेत नाही. द्रुत लयीत काही वाजवत असलो तर तो वाढलेला हेलकावा बरा वाटतो. हे सगळं उजवा हात पट्ट्यांवर असतानाच चालू असतं. कालांतराने कळतं की एप्रिलच्या दुपारी दुसरा ऑसिलेटर आधी पडतो आणि डिसेंबरात पहिला रेंगाळतो. मग सूर पडायच्या आधीच हात नॉबवर गेलेला असतो.

पट्ट्यांखालचे संपर्क गंजणं हे दुसऱ्या प्रकारचं. पावसाळ्यात एखादी पट्टी दाबली तर स्वर येतच नाही, किंवा दोनदा येतो. त्याला हाताकडे उत्तर नाही. थांबायचं, झाकण उघडायचं, संपर्क पुसायचे. नॉब फिरवताना होणारी खरखर तशीच, आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ बसलेला असतो. अमेरिकन किंवा जपानी यंत्राला आपल्या २३० व्होल्टसाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायला विसरलात तर जे होतं त्याला तर कुठल्याच वाद्यात स्वभाव म्हणत नाहीत. जुन्या यंत्रांचे भक्त या सगळ्यालाच एका सुरात 'कॅरेक्टर' म्हणतात तेव्हा माझा त्यांच्यावरचा विश्वास उडतो.

सीमारेषा मात्र आखून ठेवलेली नाही. विजेच्या गुणगुणीचंच घ्या. अर्थिंग कच्चं असलं की स्पीकरमधून पन्नास हर्ट्झचा घुमारा येतो. पेटीच्या भाषेत तो खर्जातल्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी, पांढरी पाचच्या पस्तीस सेंट वर. त्यातही तो स्थिर नसतो, कारण देशाच्या वीजजाळ्यालाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढी मोकळीक दिलेली आहे, म्हणजे पाच सेंटची. इमारतीच्या वायरिंगपुढे माझं काही चालत नव्हतं. शेवटी एका रात्री वैतागून मी यंत्रच त्या गुणगुणीला मिळवलं, तिलाच षड्ज मानलं आणि वाजवत बसलो. वाईट नाही वाजलं. म्हणजे जो बिघाड होता तो एका रात्रीपुरता स्वभावाच्या बाजूला आला. अर्थिंग मी पुढे नीट करून घेतलंच, कारण रोज कुणी आपला सा ठरवून देणार असेल तर ते मला चालणार नाही.

मुंबईत या यंत्रांशी पहिली गाठ पडली ती सिनेमाच्या वादकांची. केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात मूग आणला. त्या काळी आख्खा वाद्यवृंद एकत्र बसून ध्वनिमुद्रण होई. व्हायोलिनवाल्यांची रांग तयार आहे, गायिका काचेपलीकडे उभी आहे, आणि अशा वेळी ज्या यंत्राला स्वतःचा सूर धरवत नाही ते सांभाळायचं. मिनीमूगसारख्या यंत्राला स्मरणशक्तीही नव्हती. सकाळी जमलेला आवाज जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा हवा असेल तर प्रत्येक नॉब कुठे होता ते कागदावर टिपून ठेवायचं. आणि टिपून ठेवलं तरी दुपारी तोच आवाज येईल याची खात्री नाही, कारण कागदावर तापमान कुठे असतं? म्हणून कागद ठेवायचा तो जवळपास पोचण्यासाठी. शेवटचा टप्पा कानाने.

मग चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले कसलेले वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. साधनं तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८, ठेका देणारं टीआर-८०८ आणि बास वाजवणारं टीबी-३०३. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली तबल्याच्या जागी यंत्राचा ठेका. तबकडी चालली नाही. वीसेक वर्षांनी एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलने पुन्हा काढली, आणि शिकागोच्या अॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या पाच वर्षं आधी हे मुंबईत कसं काय झालं म्हणून पाश्चात्त्य जगाने तोंडात बोटं घातली. २०१५ मध्ये सिंग गेले तेव्हा मृत्युलेखांत हेच होतं. पहिलं कोण, या वादात मला रस नाही. हात कुठे होता, यात आहे.

टीबी-३०३ हे विक्षिप्तपणाचा अर्क असलेलं यंत्र. एकट्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून केलेलं आणि त्या कामात सपशेल पडलेलं. त्यात स्वर वेगळे भरायचे आणि त्यांचा काळ वेगळा, त्यामुळे मनात एक असतं आणि बाहेर दुसरंच येतं. बॅटरी उतरली की भरून ठेवलेले नमुने परस्पर बदललेले निघतात. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती, आणि वर आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरचे छोटे नॉब. १९८७ मध्ये आलेल्या 'अॅसिड ट्रॅक्स'मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने एकच नमुना फिरत ठेवला आणि सगळं संगीत त्या नॉबवरच्या बोटांतून काढलं. यंत्र हट्टी, हात मोकळा. चरणजित सिंगांनी काम उलट वाटून दिलं. ठेका आणि बास यंत्रांना बांधून दिला, त्यांना हलवायचंच नाही असं ठरवलं, आणि राग ज्युपिटरच्या पट्ट्यांवर हाताने वाजवला. त्या तबकडीत ठेका इंचभर हलत नाही, आणि त्यावर रागाची वाक्यं एखाद्या जाणत्या पेटीवाल्यासारखी श्वास घेत जातात. यंत्राने ताठ राहावं कुठे आणि माणसाने वाकावं कुठे, हे त्यांनी आधी ठरवलेलं होतं. ऐकताना मला सर्वांत जास्त तेच जाणवतं.

आता तर ज्यांच्या आत खरा ऑसिलेटरच नाही अशा संगणकी यंत्रांतही सूर मुद्दाम हलवलेला असतो. २०२० मध्ये प्रॉफेट-५ ची नवी, खरोखरीची अॅनालॉग आवृत्ती आली, तिच्यावरही 'व्हिंटेज' नावाचा नॉब आहे. फिरवाल तितकी जुन्या यंत्राची डळमळ वाढते. ज्यांनी ती डळमळ काढण्यासाठी बटण शोधलं, त्यांनाच ती परत आणण्यासाठी नॉब द्यावा लागला. मी असे नॉब फिरवून पाहिले आहेत आणि आवाज सुंदर येतो, यात खोटं नाही. माझी अडचण वेगळी आहे. संगणकातली डळमळ बहुधा नशिबावर सोडलेली असते. आकडा कुठे जाईल त्याला कारण नाही. माझ्या यंत्राचा सूर पडतो तो पत्रा तापला म्हणून, पंखा लागला म्हणून, बाहेर सर आली म्हणून. कारण असलं की ते शिकता येतं, आणि शिकता आलं की हात उत्तर देतो. निव्वळ नशिबाला हात काय उत्तर देणार? तिथे फक्त ऐकत राहायचं. ज्याला फक्त ऐकायचं आहे त्याची त्यातही सोय आहे म्हणा.

गेल्या पावसाळ्यात यंत्र बंदच पडलं आणि लॅमिंग्टन रोडच्या एका मेकॅनिककडे न्यावं लागलं. वयस्कर गृहस्थ, पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता जे येईल ते. त्यांनी झाकण काढलं, पॉवर सप्लायचे फुगलेले कॅपॅसिटर दाखवले आणि म्हणाले, "हे तर बदलूच. संपर्क आणि नॉबखालचे पॉट साफ करतो. पण साहेब, ऑसिलेटरचा हा अख्खा भाग नवीन येतो आता, तो टाकला की सूर हलायचा नाही. टाकू का?"

मी कॅपॅसिटरना हो म्हटलं, संपर्कांना हो म्हटलं, एक तडकलेला सोल्डर पुन्हा मारायला सांगितला. ऑसिलेटरला नको म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मी वर्गणीच्या कार्यक्रमात, खुल्या मंडपात, दुसऱ्या वादकांबरोबर वाजवणारा असतो तर कदाचित मलाही पटलं नसतं, आणि ते तसं म्हणालेही. मग त्यांनी सप्तकाचा पसारा जुळवला. आत एक छोटा ट्रिमर असतो, तो स्क्रूड्रायव्हरने फिरवून खालचा सा आणि वरचा सा बरोबर दुपटीत आणायचा. तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात. त्यांनी लाल बाटली काढली.

"थेंब नको," मी म्हटलं. "उन्हाळ्यात मला तो फिरवावा लागतो."

"मग झाकणाचे स्क्रू पण ढिलेच ठेवतो," ते म्हणाले आणि बाटली ड्रॉवरमध्ये टाकली.